चार मागांचा हिशेब

आमच्या शेडमध्ये सोळा माग होते आणि कागदावर त्यांचे मालक चार. पहिले चार वडिलांच्या नावावर, पुढचे चार धाकट्या काकांच्या, त्यापुढचे आजीच्या, आणि पावसाळ्यात जिथं छत गळायचं त्या भिंतीकडचे चार आईच्या. छप्पर एक, माग दुरुस्त करणारा जॉबर एक, ताण्याचे धागे फणीत भरणारा वहिफणीवाला एक, हिशेब लिहिणारे दिवाणजीही एकच. वह्या मात्र चार. महिनाअखेरीला दिवाणजी स्वयंपाकघराच्या दारात येऊन आईला म्हणायचे, “वहिनी, इथं सही करा.” आई हात पदराला पुसून सही करायची. त्या वहीत काय लिहिलंय हे तिनं कधी विचारलं नाही आणि दिवाणजींनी कधी सांगितलं नाही.

इचलकरंजीत त्या काळी हे कुणाला वेगळं वाटायचं नाही. शेजारच्या घरात आठ माग दोन भावांचे होते, पलीकडं बारा माग बाप, मुलगा आणि सून यांच्यात वाटलेले. मी पुढं कॉमर्स शिकले, याच गावात करसल्लागार झाले, यंत्रमागधारकांच्या वह्या लिहिण्यात आणि तपासण्यात माझं आयुष्य गेलं. तेव्हा कळलं की चार हा आकडा आमच्या भाऊबंदकीतून आलेला नव्हता. तो उत्पादन शुल्काच्या नियमातून आला होता. चार मागांपर्यंतच्या कारखान्याला शुल्क माफ. त्यावर गेलात की मागामागे ठरावीक रक्कम भरा, आणि माग वाढतील तसा दर चढा. ही मर्यादा वेगवेगळ्या वर्षी वर-खाली सरकली, पण गावाच्या तोंडी बसले ते चारच. कर म्हटलं की सरकारच्या तिजोरीत किती गेलं एवढंच आपण मोजतो. माझ्या गावात कराच्या एका ओळीनं कारखान्याचा आकार ठरवला, घरातली मालकी ठरवली, आणि मागावर उभ्या असलेल्या माणसाला भविष्य निर्वाह निधी मिळेल की नाही हेही ठरवलं. म्हणून तिचा इतिहास मला लिहून ठेवावासा वाटतो.

त्याची मुळं शोधायला मुंबईत जावं लागतं. कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये मुंबईत कापडगिरणी काढायचं ठरवलं आणि १८५६ मध्ये ती चालू झाली. पुढच्या पंचवीस-तीस वर्षांत गिरण्या इतक्या वाढल्या की लँकेशायरच्या मालकांना त्या खुपू लागल्या. त्यांच्या दबावाखाली १८८२ मध्ये परदेशी कापडावरची आयात जकात पूर्ण उठवली गेली. पुढं सरकारी तिजोरीत खडखडाट झाला तेव्हा १८९४ मध्ये ती परत बसवावी लागली. पण लँकेशायरला समजावायचं कसं? तर देशी गिरण्यांवरही तेवढाच कर लावून. डिसेंबर १८९४ मध्ये वीस काउंटच्या वरच्या, म्हणजे बारीक, देशी सुतावर पाच टक्के शुल्क आलं. तेही पुरेसं वाटलं नाही म्हणून फेब्रुवारी १८९६ मध्ये सुतावरचं शुल्क काढलं आणि देशी गिरणीत विणलेल्या सगळ्याच कापडावर साडेतीन टक्के बसवलं. आयात कापडावरही साडेतीन. मुंबईची गिरणी विणायची मुख्यतः जाडंभरडं कापड, लँकेशायरचा माल तलम. दोघांची गाठ बाजारात फारशी पडतच नव्हती. तरी जाडं धोतर नेसणाऱ्या शेतकऱ्याच्या अंगावरच्या कापडाला हा कर लागला. टिळकांनी त्याच वर्षी महाराष्ट्रात परदेशी कापडावर बहिष्काराची मोहीम उघडली ती याच कारणानं. बहिष्काराची चर्चा निघाली की आपण १९०५ ची बंगालची फाळणी आठवतो. कापडावरच्या साडेतीन टक्क्यांनी तो विचार पुण्यात नऊ वर्षं आधी पेटवला होता.

या कायद्यात एक सूट होती. शुल्क गिरणीच्या कापडावर, हातमागाच्या कापडावर नाही. हातमागवाल्याकडून कर गोळा करणं शक्यच नव्हतं हे त्याचं सरळ कारण. पण त्यामुळं एक रेघ आखली गेली: मोठ्या छपराखाली विणलेलं कापड करपात्र, घरात विणलेलं करमुक्त. सरकार बदललं, हेतू बदलले, दर बदलले, ती रेघ राहिली.

त्या साडेतीन टक्क्यांचा शेवटही सांगण्यासारखा आहे. १९१७ मध्ये युद्धखर्चासाठी आयात जकात साडेसात टक्के झाली आणि देशी शुल्क साडेतीनवरच राहिलं, तेव्हा देशी गिरण्यांना पहिल्यांदा थोडा आडोसा मिळाला. पण युद्धानंतरची तेजी ओसरली आणि १९२५ मध्ये मुंबईच्या मालकांनी मजुरीत साडेअकरा टक्के कपात जाहीर केली. सप्टेंबरात सुमारे दीड लाख कामगार संपावर गेले. मालकांचं म्हणणं असं की सरकारनं शुल्क उठवलं तर कपात मागं घेऊ. अडीच महिने गिरण्या बंद राहिल्या. डिसेंबरच्या सुरुवातीला व्हाइसरॉयनं शुल्क स्थगित केलं, कपात रद्द झाली, कामगार परत आले. १९२६ मध्ये कायदाच गेला. तीस वर्षं ठराव, निवेदनं, अग्रलेख यांनी जे झालं नाही ते उपाशी राहिलेल्या दीड लाख माणसांनी करून दाखवलं, असं मी मानते. गिरणीमालकांच्या इतिहासात या विजयाचं श्रेय मालकांना मिळतं. ते मला पटत नाही.

आमचं गाव तेव्हा कोल्हापूर संस्थानातली घोरपड्यांची जहागीर. नारायणराव बाबासाहेब घोरपडे यांनी १८९२ ते १९४३ एवढी वर्षं जहागीर सांभाळली आणि उद्योगाच्या माणसाला हात दिला. १९०४ मध्ये विठ्ठलराव दातार यांनी इथं पहिला यंत्रमाग बसवला, व्यंकटेश रंगतंतू मिलची सुरुवात केली. दोनच वर्षांनी कोल्हापुरात शाहू महाराजांनी गिरणी काढली. दोन रस्ते तेव्हाच दिसत होते. कोल्हापूरनं एक मोठी गिरणी उभी केली. इचलकरंजीत एकाचं पाहून दुसऱ्यानं, दुसऱ्याचं पाहून तिसऱ्यानं माग घातले. वीज आली तसे माग वाढले. मुंबईच्या गिरण्यांनी जुने म्हणून काढलेले माग इथं येऊन पुन्हा उभे राहायचे. आमच्याकडच्या पहिल्या चारांवर इंग्लंडमधल्या कारखान्याची ओतीव अक्षरं होती. लहानपणी मी ती बोटांनी चाचपत वाचायला शिकले.

स्वातंत्र्यानंतर दिल्लीत आणि पुण्यात जे विचार झाले त्यांबद्दल मला आदर आहे, हे आधीच सांगते. देशात लाखो हातमाग होते आणि गिरण्या त्यांचं काम खात होत्या. १९५० मध्ये साड्या-धोतरांचे काही प्रकार हातमागासाठी राखून ठेवले. १९५३ मध्ये गिरण्यांच्या कापडावर वाराला तीन पै जादा उपकर बसवला आणि तो पैसा खादी-हातमागाला दिला. त्याच वर्षी धोतरांसाठी वेगळा कायदा झाला: गिरणीनं आधीच्या सरासरीच्या साठ टक्क्यांपर्यंतच धोतरं काढावीत, जास्त काढली तर जादा शुल्क. कानुनगो समितीनं १९५४ मध्ये गिरण्यांतले माग वाढवू नयेत आणि हातमागवाल्याला हळूहळू यंत्राकडं न्यावं असं सुचवलं. १९५५ मध्ये द. गो. कर्वे यांच्या समितीनं ग्रामोद्योगांच्या बाजूनं तोच धागा पुढं ओढला. कर्वे पुण्याचे अर्थशास्त्रज्ञ, सहकाराचे अभ्यासक. त्यांच्यासमोर प्रश्न एकच होता: यंत्र आलं की हाताला काम कुठून द्यायचं? शहरात कारखाना वाढवून गावात बेकारी निर्माण करायची नाही, ही त्यांची भूमिका. आजही तो प्रश्न मला चुकीचा वाटत नाही. १९५६ पासून गिरण्यांचे माग सुमारे दोन लाखांवर गोठवले गेले.

कापडाची मागणी मात्र गोठली नाही. लोकसंख्या वाढत होती, लोक थोडं जास्त कापड घेऊ लागले होते. गिरणीला माग वाढवता येत नाहीत, हातमागाला तेवढं विणता येत नाही. मधल्या मोकळ्या जागेत यंत्रमाग शिरला. तो यंत्रावर चालायचा म्हणून स्वस्त, लहान होता म्हणून करमुक्त. योजना आखणाऱ्यांनी विणकराला वाचवायला भिंत बांधली आणि तिच्या आडोशाला भलताच उद्योग वाढला. इचलकरंजी, भिवंडी, मालेगाव ही तिन्ही गावं त्या आडोशाला मोठी झाली. माग बसवायला टेक्स्टाइल कमिशनरचा परवाना लागायचा. तो नसलेले माग गावोगावी असायचे आणि काही वर्षांनी सरकार ते नियमित करून टाकायचं. १९६३-६४ मध्ये अशोक मेहता यांच्या समितीनं यंत्रमागांची चौकशी केली तेव्हा हा उद्योग पुसून टाकण्याची वेळ कधीच निघून गेली होती.

आता पुन्हा आमच्या चार वह्यांकडं येते आणि त्यांतलं काम सांगते. सोळा मागांचे चार भाग करायचे तर वीज मीटर वेगळे हवेत, सुताची बिलं वेगळी, कामगारांची हजेरी वेगळी. दुसरी रेघ फॅक्टरी कायद्याची: वीज वापरणाऱ्या ठिकाणी दहा कामगार झाले की तेव्हा १९४८ चा कायदा लागू व्हायचा. म्हणजे कागदावर शेडचे तुकडे करताना मागही मोजायचे आणि माणसंही. चार मागांवर दोन पाळ्यांत मिळून दोन-तीन विणकर, कांडीवाली एखादी. दहाच्या आत सहज बसतं. सोळा मागांचा कारखाना एका नावावर असता तर तिथला विणकर कायद्यानं कामगार ठरला असता, त्याला रजा, हजेरीपत्रक, पुढं ईएसआय, आणि माणसं वाढली तर पीएफ, हे सगळं मागता आलं असतं. चार वह्या झाल्या आणि तो कुणाचाच कामगार राहिला नाही. शेवटपर्यंत त्याला पिकावर, म्हणजे विणलेल्या आडव्या धाग्यांच्या मापानं, मजुरी मिळाली. मी वडिलांची मुलगी आहे, पण हे लिहिताना मी त्याच्या बाजूनं आहे. आमच्या शेडमध्ये उभा जन्म काढलेला एक विणकर म्हातारपणी बायकोच्या औषधाला उसने मागायला यायचा. कर आम्ही वाचवला, त्याची किंमत त्यानं मोजली.

सुताचा नियम तर आणखी विलक्षण. हातमागवाला सूत लडीत घेतो, यंत्रमागाला ते कोनवर लागतं. हातमागाला स्वस्त सूत मिळावं म्हणून लडीच्या सुताला शुल्क माफ, कोनच्या सुताला शुल्क. आणि १९७४ पासून सूतगिरण्यांवर ठरावीक वाटा लडीतच बांधायची सक्ती. मग व्हायचं काय? लडीचं सूत यंत्रमागाच्या गावांत यायचं आणि इथं बायका ते उकलून पुन्हा कोनवर गुंडाळायच्या. गिरणीत एकदा झालेलं काम उलटं करायचं आणि परत करायचं, त्यात सुताची तूट, वेळेची तूट. तरी शुल्कातला फरक एवढा असायचा की ते परवडायचं. हातमागवाल्याच्या ताटातलं सूत असं आमच्याकडं आलं. कित्येक बायकांची चूल या उलट्या कामावर पेटली, हेही खरं.

फायदा झालाच नाही असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. माझे वडील दुसऱ्याच्या शेडमध्ये दिवाणजी होते. गिरणीत दिवाणजी मालक होत नाही. इथं झाला. चार जुने माग, एक सायझिंगवाला जो उधारीवर बीम भरून देतो, एक व्यापारी जो सूत देऊन मजुरीवर कापड विणून घेतो, एवढ्यावर माणूस मालक व्हायचा. अशा मजुरीवर विणणाऱ्याला आम्ही खर्चीवाला म्हणतो. इचलकरंजीत विणकर, शेतकरी, मास्तर, हॉटेलवाला असे सगळ्या थरांतले लोक मागात उतरले ते कराच्या त्या सवलतीमुळं. एका मालकाकडं हजार माग असण्याऐवजी अडीचशे घरांत चार-चार असतील तर पैसा गावात फिरतो. शाळा, पतपेढ्या, दवाखाने त्याच पैशातून उभे राहिले. आणि आईची सही? घराची वाटणी झाली तेव्हा काकांनी सगळे माग एकत्र मोजायला काढले. कागदावर आईचे चार वेगळे होते, वीज तिच्या नावावर, बिलं तिच्या नावावर. ते तिच्याकडं राहिले. कर वाचवायला घातलेल्या नावानं तिला स्वतःची मिळकत दिली, आणि ती तिनं पुढं स्वतः चालवली. वही वाचायलाही शिकली.

तोट्याची बाजू मात्र मोठी आहे आणि ती मागांच्या वयात दिसते. चार मागांच्या मालकाला बँक कर्ज देत नाही, आणि दिलं तरी त्याला नवा माग नको असतो. धोट्याविना चालणारा रेपिअर घ्यायचा तर त्याची किंमत कित्येक साध्या मागांएवढी; तो घेतला की शेड मोठी, आणि शेड मोठी की रेघेच्या पलीकडं. त्यामुळं जुनाच माग पुन्हा दुरुस्त व्हायचा. जग पुढं गेलं आणि आम्ही ग्रे पॉपलिन विणत राहिलो. रंगकाम, छपाई राजस्थानात, फायदाही तिकडंच.

मुंबईत याच काळात उलट बाजूनं पडझड चालू होती. गिरण्यांना वाढता येत नव्हतं, शुल्क त्यांच्यावर, जुनी यंत्रं त्यांच्याकडं. १९७४ मध्ये आजारी गिरण्या सरकारनं ताब्यात घेतल्या. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले आणि कित्येक कायमचे घरी बसले. संपाच्या काळात बाजारात कापडाची टंचाई झाली नाही, कारण भिवंडी आणि आम्ही रात्रपाळ्या लावून विणत होतो. मालकांना त्यामुळं थांबायला बळ मिळालं. आमच्या गावात ती वर्षं तेजीची म्हणून सांगितली जातात. त्याच गावात कोकणातला, साताऱ्याकडचा गिरणी कामगार नोकरी मागायला यायचा, निम्म्या मजुरीवर. गिरणगावच्या वाताहतीबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं. सगळा दोष मालकांच्या हावेवर किंवा नेत्याच्या हट्टावर टाकला जातो. पंचवीस वर्षं आधी पुन्हा आखलेली ती करमुक्त रेघ त्यात किती खोल गुंतली होती, हे फार कमी लोक बोलतात. १९५१ मध्ये देशातलं सुमारे ऐंशी टक्के कापड गिरण्या विणत होत्या. आज निम्म्याहून जास्त यंत्रमाग विणतात आणि गिरण्यांचा वाटा एका आकड्यात मोजावा लागतो. गिरणीपेक्षा सरस यंत्र आणल्यामुळं हे झालं नाही. गिरणीतूनच निघालेल्या जुन्या मागांवर झालं.

१९८५ च्या वस्त्रोद्योग धोरणानं गिरणी आणि यंत्रमाग यांत भेद करायचा नाही असं ठरवलं, पण तोवर गिरण्यांत दम उरला नव्हता. २००३ च्या अंदाजपत्रकात यंत्रमागाची सूट काढून सगळ्यांना कराच्या साखळीत ओढायचा प्रयत्न झाला. माग बंद पडले, मोर्चे निघाले, आणि पुढच्याच वर्षी तो कर ऐच्छिक झाला. त्या एका वर्षात माझ्याकडं इतके मागवाले रडवेले होऊन आले की करसल्लागाराला डॉक्टरसारखा धीरही द्यावा लागतो हे तेव्हा कळलं. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला. सुती सुताला पाच, कापडाला पाच, तिथं फारसं अडलं नाही. कृत्रिम धाग्याचं कापड विणणाऱ्याची मात्र कोंडी झाली: सुतावर अठरा, नंतर बारा टक्के भरायचे आणि कापडावर पाचच गोळा करायचे. मधल्या फरकाचा परतावा सुरुवातीला मिळतच नव्हता, तो ऑगस्ट २०१८ पासूनच्या खरेदीवर मिळू लागला. धागा पाच टक्क्यांवर यायला २२ सप्टेंबर २०२५ उजाडावा लागला. आठ वर्षं लहान माणसाचं खेळतं भांडवल सरकारी पोर्टलवर अडकलेलं असतं तेव्हा तो सावकाराकडं जातो, एवढं तरी दर ठरवणाऱ्यांच्या डोळ्यासमोर असायला हवं होतं.

नव्या कराच्याही रेघा आहेत. मजुरीवर विणणाऱ्याची वर्षाची उलाढाल वीस लाखांच्या आत असेल तर नोंदणी नको. त्यामुळं खर्चीवाल्यांच्या घरात पुन्हा दोन-दोन नावं दिसू लागली आहेत.

आणि विजेची रेघ सत्तावीस हॉर्सपॉवरची. राज्य सरकारची यंत्रमागाची वीज सवलत या आकड्याच्या खाली आणि वर वेगवेगळी आहे. साध्या मागाच्या लहान मोटारी एकत्र केल्या तर एका घराचे माग त्यात बसतात. चार-सहा रेपिअर, सोबत कॉम्प्रेसर आणि कांडी मशीन असं धरलं की बसत नाहीत. माझ्याकडं येणारी तरुण मुलं टेक्स्टाइल इंजिनिअरिंग शिकलेली आहेत, त्यांना मोठं व्हायचं आहे, आणि त्यांचा पहिला प्रश्न असतो, “काकू, दुसरं कनेक्शन कुणाच्या नावावर घेऊ?” त्यांना हा प्रश्न पडू नये यासाठी करायचं काम फार अवघड नाही. आयकरात वरच्या टप्प्यात गेलेल्या माणसाला खालच्या टप्प्याचा दर गमवावा लागत नाही. वाढीव रकमेवरच वाढीव दर लागतो. तसंच पहिल्या सत्तावीस हॉर्सपॉवरची जास्त सवलत लहान-मोठ्या सगळ्याच मागधारकांना द्यावी, आणि त्यावरच्या भारालाच कमी सवलत लागू करावी. सत्ताविसाच्या आत असलेल्याचं त्यात काही जात नाही. एकोणतीसवर जाणाऱ्याला फक्त वरच्या दोन हॉर्सपॉवरचा फरक पडेल, आणि त्या दोनासाठी कुणी शेडमध्ये भिंत बांधणार नाही. सरकारचा खर्च थोडा वाढेल. तो किती, हे काढायला वीज कंपनीकडची मीटरनिहाय माहिती लागते. ती उघड करावी, गावातला कुठलाही दिवाणजी तो हिशेब एका दुपारी मांडून देईल.